गळाला लावायचं प्लास्टिकचं गांडूळ तरंगावं का बुडावं, हा प्रश्न मुळात आला कुठून

एक बादलीभर पाणी घ्या. त्यात पीव्हीसी पाइपाचा कापलेला तुकडा टाका, केळीच्या बागेतल्या ठिबकच्या काळ्या नळीचा उभा चिरलेला तुकडा टाका (चिरलेलाच बरं का, नाहीतर आतल्या हवेनेच तरंगला म्हणाल) आणि जुन्या चटईची एक काडी टाका. पाइप सरळ तळाला जातो. नळी अन् काडी बोटाने खाली दाबली तरी वर येतात. पाण्याची घनता 1 धरली तर पीव्हीसी साधारण 1.4, ठिबकचं पॉलिथिन 0.92 च्या आसपास, चटईचं पॉलिप्रॉपिलीन 0.9, एवढाच हिशोब आहे. आणि या तिन्ही वस्तू आपल्या जळगावातच बनतात, जैन इरिगेशनने 1980 ला पीव्हीसी पाइप काढले, पुढे ठिबक आलं, आणि चटईचं तर गावच आहे, त्यामुळे प्लास्टिकबद्दल आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही असं मला वाटायचं.

पण हतनूर धरणाच्या बॅकवॉटरला, वाघूर धरणाला रॉड घेऊन मासे धरायला जाणारी पोरं आता घरीच मऊ आमिष, म्हणजे गळाला लावायचं प्लास्टिकचं गांडूळ, साच्यात ओतायला लागलीत आणि प्रत्येकाचा पहिला सवाल हाच, भाऊ तरंगणारं प्लास्टिक मागवू का बुडणारं? जसं काही दुकानात दोन वेगळे डबे ठेवलेत. खरं सांगायचं तर सुरुवातीला असे दोन प्रकार नव्हतेच, एकच माल होता आणि त्याच्यात लोक काय काय घालत गेले त्याची ही गोष्ट.

पीव्हीसी तसं जुनं. 1872 मध्ये बाउमान नावाच्या जर्मन केमिस्टला ते सापडलं, पण कडक, ठिसूळ, तापवलं की खराब होणारं, म्हणून तसंच पडून राहिलं. 1926 मध्ये अमेरिकेत ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावी, गुडरिच या टायर कंपनीत, वाल्डो सेमन नावाचा माणूस रबर धातूला चिकटवायला काहीतरी शोधत होता. चिकटवायचं राहिलं बाजूला, पीव्हीसी सहज उकळून न उडणाऱ्या एका द्रवात तापवल्यावर गार होऊन मऊ, लवचिक झालं. तो द्रव म्हणजे प्लास्टिसायझर. आज आपण ज्याला प्लास्टिसॉल म्हणतो ते हेच, पीव्हीसीची बारीक पावडर प्लास्टिसायझरमध्ये कालवलेली, दिसायला पातळ दुधासारखी, 175 अंशांच्या आसपास तापली की पारदर्शक होते आणि गार झाली की रबरासारखी.

आता योगायोग बघा, त्याच अ‍ॅक्रन गावात 1949 मध्ये निक क्रीम आणि त्याची बायको कॉस्मा यांनी घरच्या घरी खऱ्या गांडुळाचा साचा काढून त्यात असलं मऊ प्लास्टिक ओतलं. त्याआधीही रबराचे किडे-गांडुळं मिळायची, पण ती कडक, पाण्यात हलायची नाहीत, मासा चावला की लगेच थुंकायचा. क्रीमचं गांडूळ हललं. 1951 पासून टपालाने विकायला लागले, डॉलरला पाच. पुढे कंपनी टेक्सासलासुद्धा गेली, कारण तिथे नवीन नवीन धरणं झाली होती आणि पाण्याखाली झाडंच्या झाडं उभी होती, उघडा गळ टाकला की अडकलाच. तिथूनच ती टेक्सास रिग नावाची गळ बांधायची पद्धत निघाली, पुढे बंदुकीच्या गोळीसारखं शिसं आणि गळाचं टोक गांडुळाच्या अंगात लपवलेलं. मला वाटतं बुडणं-तरंगणं हा प्रश्न तोवर कुणाला पडलाच नव्हता, कारण शिसं लावलं की प्लास्टिक कसंही असो, ते खालीच जातं. म्हणजे वजन शिशाचं, प्लास्टिकला कुणी विचारलंच नाही.

आणि नुसतं प्लास्टिसॉल तसं मधल्यामधलंच. पीव्हीसी 1.4 असलं तरी मऊ गांडुळात पावडर कमी अन् प्लास्टिसायझर जास्त, आणि तो पाण्यापेक्षा जरा हलका. चौथा हिस्सा पावडर धरली तर हिशोब 1.05 च्या आसपास येतो, पाण्यापेक्षा नखभर जड. ओतताना आत चार बुडबुडे राहिले तर तेच गांडूळ तरंगतं. एकाच साच्यातली, एकाच भांड्यातली दोन गांडुळं, एक वर एक खाली, असं झालं की पोरं मालाला शिव्या देतात, दोष हवेचा असतो.

मग आलं मीठ. 1980 च्या दशकात जीन लॅरू नावाच्या अमेरिकन माणसाने प्लास्टिकमध्ये मीठ घातलं, कल्पना अशी की माशाला खारट चव रक्तासारखी लागेल अन् तो आमिष तोंडात जास्त वेळ धरेल. चव किती कळते ते माशालाच माहीत, पण मिठाची घनता 2.16 आहे, म्हणजे 100 मिली प्लास्टिसॉलमध्ये 30 ग्रॅम मीठ टाकलं की सगळा माल 1.18 च्या पुढे जातो. मीठ आलं चवीसाठी, राहिलं वजनासाठी. 1990 च्या दशकात गॅरी यामामोटो नावाच्या माणसाने सेंको नावाचं आमिष काढलं, दिसायला बॉलपेनसारखी साधी काडी, ना शेपटी ना पाय, पण मीठ ठासून भरलेलं. शिसं न लावता ते लांब फेकलं जातं आणि आडवं, अंग हलवत हळूहळू खाली जातं. या एका काडीने जगभर घरी ओतणाऱ्यांचं डोकं फिरवलं. तोटा असा की मिठाने माल कच्चा होतो, दोन मासे झाले की फाटलं. आणि आपल्याकडे पावसाळ्यात मीठ ओलं झालेलं असतं, ते तसंच गरम प्लास्टिसॉलमध्ये टाकलं तर फसफसून अंगावर उडतं, आधी कढईत कोरडं भाजून बारीक वाटून घ्या. कढई पुन्हा स्वयंपाकात नको.

तरंगणाऱ्याची वाट उलटी. तिथे वजन काढायचं, म्हणजे हवा भरायची. त्यासाठी काचेचे पोकळ सूक्ष्म गोळे मिळतात, फायबरचं काम करणारे लोक ते रेझिनमध्ये मिसळतात, डोळ्याला नुसती पांढरी भुकटी दिसते. ती नाकातोंडात जाऊ देऊ नका. मी मात्र आधी शहाणपणा केला आणि थर्माकोलचे दाणे टाकले. थर्माकोल त्या उष्णतेला आणि त्या प्लास्टिसायझरला टिकतंय होय, सगळं आकसून खाली चिकट गोळा, भांडं वाया. आमच्या आजोबांनी ज्वारीच्या धांड्याचा तुकडा दोरीला बांधून तरंग केला होता, तो माझ्या प्रयोगापेक्षा बरा चालायचा.

तिसरी वाट वेगळ्या मालाचीच. शेल कंपनीने 1960 च्या दशकात क्रेटॉन नावाचं रबरासारखं प्लास्टिक काढलं, त्याच्यात तेल घातलं की ते प्रचंड ताणलं जातं आणि पाण्यापेक्षा हलकं राहतं. त्याच जातीचा माल नंतर आमिषात आला, झी-मॅन कंपनीचं इलाझटेक हे त्यातलं सगळ्यात माहीत असलेलं नाव. मुळातच तरंगतं, फाटता फाटत नाही. पण ते आणि साधं पीव्हीसीचं गांडूळ एका डबीत ठेवलं की प्लास्टिसायझर इकडून तिकडे जातो आणि सकाळी डबीत मलमासारखा लगदा. माझ्या एका दोस्ताचा आख्खा सीझनचा माल असाच गेला.

मला खूपदा विचारतात की जुने पाइप वितळवून गांडूळ होईल का, भंगारात ढीगभर पडलेत. नाही होणार. पाइपात प्लास्टिसायझर नसतो, तो ओतण्याइतका पातळ व्हायच्या आधी जळून हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचा धूर सोडतो आणि जुन्या पाइपात, उष्णतेने खराब होऊ नये म्हणून, शिशाचं स्टॅबिलायझर असायचं. प्लास्टिसॉलसुद्धा पिवळं पडायला लागलं की तोच धूर, म्हणून खोलीत नाही, अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून.

आता आपल्या पाण्याचं. गिरणा धरणाला खोल पाणी अन् दगड आहेत, तिथे मी मीठ घातलेली काडी टाकतो, शिसं नसल्याने दगडात कमी अडकते. हतनूरला उथळ, शेवाळ अन् गवत, आणि मरळ तर श्वास घ्यायला सारखी वर येते, तिला आमिष वरच दिसलं पाहिजे. तिथे मीठ अजिबात नको. गांडूळ पूर्ण गार झाल्यावर ब्लेडने डोक्याजवळ चीर द्यायची आणि फोमच्या जुन्या चपलेचा वाटाण्याएवढा तुकडा आत खुपसायचा, गळासकट तरंगायला तेवढा पुरतो. नाही पुरला तर थोडा मोठा. परवा काठावर एक म्हातारे काका बराच वेळ माझा उद्योग बघत होते, शेवटी न राहवून म्हणाले, "हाई काय शे रे भो?" मी गांडूळ पुढे केलं, त्यांनी दाबून बघितलं, आधी आपल्या पायातल्या चपलेकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.