सोरायसिस : खान्देशातील रुग्णजीवन आणि उपचारांच्या अपेक्षा

सोरायसिस हा शरीराच्या प्रतिकारयंत्रणेतील बिघाडातून उद्भवणारा, दीर्घकाळ चालणारा, परंतु मुळीच संसर्गजन्य नसलेला विकार आहे. निरोगी त्वचेतील पेशी सुमारे महिनाभरात तळातून वर येऊन झडतात. या विकारात तोच क्रम ३ ते ५ दिवसांत उरकत असल्यामुळे कोपर, गुडघे, टाळू व कंबर येथे जाड चट्टे उठून त्यांवर चंदेरी पापुद्रे साचतात. काही रुग्णांची नखे खडबडीत होतात, काहींचे सांधेही सुजतात.

व्हिएन्नाचे त्वचारोगतज्ज्ञ फर्डिनांड फॉन हेब्रा यांनी १८४१ मध्ये सोरायसिस व कुष्ठरोग हे वेगळे असल्याचे स्पष्ट केले, तरी जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत आजही चट्टे पाहून कोणी गजकर्ण म्हणतो, तर कोणी महारोगाची शंका घेतो. सोयरीक जुळवताना हा आजार लपवला जातो, आणि केस कापायला गेलेल्या रुग्णाला खांद्यावर पडलेल्या कोंड्याचा खुलासा करावा लागतो.

त्वचेला इजा झाली की त्याच जागी नवा चट्टा उठू शकतो. त्यामुळे कापूस वेचताना सुकलेल्या बोंडांची टोके हातांना ओरबाडतात, ही या भागातील रुग्णांसाठी किरकोळ बाब नव्हे. कोरड्या थंडीत विकार बहुधा बळावतो. नेमका तोच काळ भरताच्या वांग्यांचा असल्याने दोष वांग्यावर येतो आणि रुग्णाच्या ताटातले भरीत बंद होते. वास्तविक वांग्यामुळे सोरायसिस वाढतो याला भक्कम पुरावा नाही, तर मद्य, धूम्रपान व लठ्ठपणा यांचा संबंध मात्र दिसून आलेला आहे. चोपडा तालुक्यात अडावदजवळील उनपदेव येथे गरम पाण्याच्या झऱ्यात स्नान केल्याने त्वचारोग जातात, अशी श्रद्धा आहे. तेथे मनाला उभारी मिळत असेलही, पण कढत पाण्याने त्वचा आणखी कोरडी पडते.

‘मुळासकट बरा होईल ना?’ हा रुग्णाचा पहिला प्रश्न असतो. आजार कायमचा घालवणारा उपाय अद्याप नाही. चट्टे पूर्णपणे किंवा जवळजवळ नाहीसे करून ती स्थिती दीर्घकाळ टिकवणे मात्र शक्य आहे. हा फरक नीट न समजल्यानेच हमखास गुणाचा दावा करणाऱ्या पुड्यांना गिऱ्हाईक मिळते. अशा औषधात छुपे स्टेरॉइड असल्यास आठवड्यात त्वचा स्वच्छ दिसते. ते थांबताच विकार उसळून येतो, क्वचित अंगभर लाली वा पुवाचे फोड येऊन जिवावरही बेतते.

सौम्य आजारात मलमे आणि नित्य तेल वा व्हॅसलीन पुरते. पुढच्या टप्प्यातील मेथोट्रेक्सेट हे औषध स्वस्त व परिणामकारक आहे. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, चुकून रोज घेतल्यास प्राणघातक ठरू शकते, आणि उपचार चालू असताना रक्ततपासणी टाळता येत नाही. २०१३ मध्ये भारतात इटोलिझुमॅब हे जैविक, म्हणजे सजीव पेशींच्या साहाय्याने बनवलेले, इंजेक्शन उपलब्ध झाले, पुढे सेक्युकिनुमॅबसारखी अधिक नेमकी औषधे आली. ही इंजेक्शने महाग असून सुरू करण्यापूर्वी क्षयरोगाची तपासणी करावी लागते.

३११ नॅनोमीटरच्या अतिनील किरणांचा उपचार तुलनेने निर्धोक आहे, पण त्यासाठी काही महिने आठवड्यातून दोन-तीनदा दवाखान्यात जावे लागते. अक्कलकुवा वा धडगावच्या पाड्यावरून शहर गाठायचे तर प्रत्येक फेरीमागे दिवसाची मजुरी बुडते, आणि चट्टे उतरू लागले असतानाच उपचार अर्ध्यावर सुटतो. त्यामुळे नव्या औषधाइतकीच, किंबहुना अधिक, निकड तालुक्याच्या ठिकाणी किरणोपचाराचे यंत्र असण्याची आहे.