‘स्टार ट्रेक’ची ॲनिमेशन मालिका आणि तिच्यामागच्या स्त्रिया

8 सप्टेंबर 1973 रोजी, शनिवारी सकाळी, अमेरिकेतील एनबीसी वाहिनीवर ‘स्टार ट्रेक’ची ॲनिमेशन मालिका सुरू झाली. फिल्मेशन या कंपनीने तिचे केवळ 22 भाग केले आणि ऑक्टोबर 1974 मध्ये ती संपली. एवढ्या लहान मालिकेचा इतिहास सांगताना सहा वर्षे मागे जावे लागते, कारण तिची खरी जडणघडण चाहत्या स्त्रियांनी आधीच करून ठेवली होती.

अंतराळयानातल्या सफरींची मूळ विज्ञानकथा मालिका 1966 मध्ये सुरू झाली आणि दुसऱ्याच वर्षी ती बंद पडण्याची चिन्हे दिसू लागली. तेव्हा बीजो ट्रिम्बल यांनी पती जॉन यांच्यासह पत्रमोहीम उभारली. छापील निवेदनावर सह्या गोळा करण्याऐवजी प्रत्येकाने स्वतःच्या शब्दांत पत्र लिहावे आणि आणखी दहा जणांना लिहायला सांगावे, ही त्यांची साधी, नेमकी पद्धत होती. पत्रांचा ओघ इतका वाढला की मालिका पुढेही चालू राहील, असे मार्च 1968 मध्ये वाहिनीला पडद्यावरूनच जाहीर करावे लागले. तिसऱ्या पर्वानंतर, 1969 मध्ये ती बंद झालीच. पण तोवर 79 भागांचा साठा झाला होता, आणि स्थानिक वाहिन्यांवरील पुनःप्रक्षेपणातून नवा प्रेक्षक मिळत राहिला.

या प्रेक्षकाला एकत्र बांधण्याचे कामही मुख्यतः स्त्रियांनीच केले. डेव्हरा लँगसम आणि शेर्ना कॉमरफर्ड यांनी 1967 मध्ये ‘स्पॉकॅनेलिया’ हे केवळ या मालिकेला वाहिलेले पहिले अनियतकालिक काढले. लेखन, संपादन, छपाई, टपाल हे सारे घरच्या घरी, हौसेने आणि पदरमोड करून चालत असे. जानेवारी 1972 मध्ये न्यूयॉर्कमध्ये भरलेल्या पहिल्या मोठ्या चाहता-संमेलनाच्या आयोजकांत लँगसम आणि जोन विन्स्टन होत्या. काहीशे लोक येतील या अपेक्षेने केलेल्या तयारीला तीन हजारांहून अधिक माणसे आली. मालिका बंद पडून तीन वर्षे झाली असताना जमलेली ही गर्दी मला त्या काळातील कोणत्याही प्रेक्षकसंख्येच्या आकड्यापेक्षा बोलकी वाटते.

ॲनिमेशन मालिका आकाराला आली तेव्हा तिची सहनिर्माती आणि कथा-संपादक म्हणून डोरोथी फोंटाना यांची निवड झाली. सचिव म्हणून काम करता करता त्या लेखिका झाल्या होत्या. संहिता हाती घेणाऱ्याने स्त्रीचे नाव पाहून आधीच मत बनवू नये, म्हणून त्या ‘डी. सी. फोंटाना’ अशी आद्याक्षरे वापरत. लहान मुलांच्या वेळेत दाखवली जाणारी मालिका म्हणून तिचा कस उतरू द्यायचा नाही, हा त्यांचा आग्रह होता. ‘येस्टरइयर’ हा त्यांनी स्वतः लिहिलेला भाग त्याचा उत्तम पुरावा आहे. स्पॉक हा अंतराळयानावरचा परग्रहवासी अधिकारी; लहानग्या स्पॉकचा पाळीव प्राणी, सेहलात या काल्पनिक जातीचा आय-चाया, त्यात जीवघेणा जखमी होतो, आणि त्याच्या वेदना लांबवायच्या की त्याला शांतपणे जाऊ द्यायचे, हा निर्णय त्या मुलाला घ्यावा लागतो. शनिवारच्या सकाळी मुलांना मृत्यू दाखवावा का, अशी शंका वाहिनीने घेतली होती. तरीही तो प्रसंग राहिला, आणि मालिकेतील सर्वांत हृद्य प्रसंग तोच आहे.

पडद्यावर यानावरील स्त्री अधिकारी उहुराचा आवाज राहिला, त्यामागेही एक घटना आहे. खर्च वाचवण्यासाठी उहुराची भूमिका करणाऱ्या निशेल निकोल्स आणि सहकलाकार जॉर्ज ताकेई यांना वगळण्याचे ठरत होते. त्यांना घेतल्याशिवाय आपण काम करणार नाही, अशी भूमिका स्पॉक साकारणारे लिओनार्ड निमॉय यांनी घेतली. परिणामी मार्गारेट आर्मेन यांनी लिहिलेल्या ‘द लॉरेलाय सिग्नल’ या भागात, मूळ 79 भागांत एकदाही न घडलेली गोष्ट घडली: उहुराने जहाजाची सूत्रे हाती घेतली. पुरुषांना भुलवणाऱ्या स्त्रियांचे त्यातील कथानक जुन्याच साच्यातले आहे, हे मान्य करावे लागते. पण त्याच साच्यातून आर्मेन यांनी स्त्रियांच्या पथकाला पुरुष सहकाऱ्यांची सुटका करायला पाठवले. मेजेल बॅरेट यांनी नर्स चॅपल आणि मांजरीसारखी दिसणारी अधिकारी म्रेस यांना आवाज दिला.

मालिका संपल्यानंतर बीजो ट्रिम्बल यांनी तयार केलेल्या ‘स्टार ट्रेक’च्या संदर्भकोशाच्या 1976 मधील आवृत्तीत या भागांच्याही नोंदी आल्या. पुढे 1980 च्या दशकाअखेर ॲनिमेशन मालिका अधिकृत कथाविश्वाबाहेर ठेवण्यात आली, तरी फोंटाना यांनी रंगवलेले स्पॉकचे बालपण नंतरच्या लेखकांना सोडवले नाही. 2004 मध्ये ‘एंटरप्राइझ’ या मालिकेच्या एका भागात सेहलात पुन्हा पडद्यावर आला.