कूलर चालू आहे, तरी उकडते का? (ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

‘हवा थंड येत नाही’ अशी तक्रार असलेल्या बऱ्याच कूलरमध्ये बिघाड नसतोच. खोलीची खिडकी बंद असते. त्यामुळे पंप, मोटर किंवा पॅडवर संशय घेण्याआधी खिडकीकडे बघा.

कूलर हवा थंड करतो तो पाण्याची वाफ करून. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता लागते आणि ती पॅडमधून जाणाऱ्या हवेतून घेतली जाते. तासाला पाच लिटर पाणी ओढणारा कूलर हवेतून जवळजवळ एक टनाच्या एसीइतकी उष्णता घेतो. फरक असा, की एसी ती उष्णता घराबाहेर टाकतो आणि कूलर ती वाफेच्या रूपात खोलीतच आणून सोडतो. वाफेला बाहेर जायला वाट नसली तर खोलीतली हवा दमट होते, दमट हवेत पॅडवरचे पाणी उडत नाही आणि अर्ध्या तासात कूलरचा नुसता पंखा उरतो. अंग चिकट होते ते वेगळेच. एसी आणि कूलर एकाच खोलीत एकत्र चालवू नयेत तेही याचसाठी: एक दमटपणा काढणार, दुसरा तो घालणार, आणि वीजबिल दोघांचे.

हवेची वाट

कूलरची पाठ बाहेरच्या हवेकडे हवी. खिडकीत बसवणे उत्तम; ते जमत नसेल तर उघड्या खिडकीला पाठ लावून ठेवा. खोलीच्या मधोमध ठेवलेला कूलर तीच ती दमट हवा फिरवत राहतो.

बाहेर जाण्याची वाट समोरच्या टोकाला असावी. कूलरशेजारचीच खिडकी उघडली तर थंड हवा खोली ओलांडण्याआधीच निसटते. किती उघडायची, याचा हिशोब सोपा आहे. खोलीची लांबी, रुंदी आणि उंची फुटांत मोजून गुणाकार करा आणि त्याचा निम्मा करा. दर मिनिटाला तेवढे घनफूट हवा हवी. १२ × १२ × १० फुटांच्या खोलीचे आकारमान १,४४० घनफूट, म्हणजे मिनिटाला ७२० घनफूट. कूलरच्या खोक्यावर हा आकडा बहुधा तासाला घनमीटरमध्ये असतो, म्हणून १.७ ने गुणा: साधारण १,२२५. मिनिटाला दर १,००० घनफूट हवेमागे दोन चौरस फूट उघडी जागा धरा. या खोलीला दीड चौरस फूट पुरते. खिडकीला बारीक जाळी असेल तर थोडी जास्त ठेवा, कारण जाळी हवा अडवते.

तपासायला कागदाची पातळ पट्टी पुरे. उघड्या फटीसमोर धरल्यावर ती हलकेच बाहेरच्या दिशेने झुकली तर ठीक. पट्टी फडफडत असेल किंवा दारे आपोआप आपटत असतील तर वाट अरुंद आहे. लोंबती राहिली तर फट फार मोठी आहे किंवा हवा दुसरीकडूनच जाते आहे. पलीकडच्या खोलीत गारवा हवा असेल तर या खोलीची खिडकी लावून मधले दार आणि तिकडची खिडकी उघडा. हवा तिकडे वळेल. दुसरा कूलर घेण्याची गरज बऱ्याचदा पडत नाही. एक्झॉस्ट पंखा लावायचा असेल तर त्याची क्षमता कूलरपेक्षा किंचित कमी ठेवा. जास्त झाली तर तो दाराखालच्या फटींतून बाहेरची गरम हवा आत ओढतो.

कूलरकडून किती अपेक्षा ठेवावी

बाहेर ४२ अंश सेल्सियस आणि आर्द्रता २० टक्के असेल तर चांगल्या पॅडचा कूलर साधारण २८ अंशांची हवा देतो. ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर तोच कूलर फार तर चार अंश उतरवतो, आणि तीही हवा ओलसर. अशा दिवशी पंप बंद करून फक्त पंखा चालवा. हा कूलरचा दोष नाही आणि जास्त महाग कूलर घेऊनही हे बदलत नाही.

टाकीत बर्फ टाकण्याचा फायदा नगण्य आहे. पाच किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता घेतो, तेवढी पाऊण लिटरहून कमी पाण्याची वाफ होताना जाते, म्हणजे कूलरच्या आठ-दहा मिनिटांच्या कामाइतकी. बर्फासाठीचा खास कप्पा बघून मॉडेल निवडू नका.

पॅड

पंप आधी चालू करा आणि दहा मिनिटांनी पंखा. कोरड्या पॅडमधून आलेली हवा गरमच असते. दहा मिनिटांनंतर टॉर्चने पॅड बघा. उभे कोरडे पट्टे दिसले तर वरच्या नळीची छिद्रे क्षाराने बुजली आहेत. बारीक तारेने मोकळी करा. वरच्या कडेला फट दिसली तर गवत, म्हणजे वुडवूल, खाली बसले आहे. हवा नेहमी सोपी वाट धरते, त्यामुळे बोटभर फटीतून बरीचशी हवा कोरडीच आत येते. गवताचे पॅड दर हंगामात बदलावेत. हनीकॉम्ब पॅड (मधाच्या पोळ्यासारखे, कागदी थरांचे) काही हंगाम टिकतात, पण पाणी जड असेल तर लवकर कडक होतात. ते कडक ब्रशने घासू नका, कागदी थर फाटतात. पंख्यातून पाण्याचे थेंब उडत असतील तर कूलर तिरका आहे, पाण्याचा प्रवाह जास्त आहे किंवा पॅड उलटा बसला आहे. ज्या हनीकॉम्बमध्ये दोन दिशांच्या नळ्यांचा उतार वेगवेगळा असतो, त्यात जास्त तीव्र उताराच्या नळ्या बाहेरच्या बाजूकडे उतरत्या हव्यात.

कुबट वास येतो तो पॅड रात्रभर ओला राहिल्याने. कूलर बंद करण्याआधी पंप थांबवून पंखा वीस मिनिटे चालू ठेवा. अत्तर किंवा फिनेल टाकीत ओतू नका. ते थेट श्वासात जाते.

पाणी

वाफ उडते ती शुद्ध पाण्याची, क्षार मागेच राहतात. लिटरमागे ५०० मिलिग्रॅम क्षार असलेले ४० लिटर पाणी दिवसभरात उडाले तर टाकीत आणि पॅडवर २० ग्रॅम क्षार उरतो. रोज. वरून नुसते पाणी भरत राहिल्यास हा क्षार साठत जाऊन पंपाची जाळी आणि पॅड जाम करतो. म्हणून दर दोन-तीन दिवसांनी तळाचे बूच काढून टाकी पूर्ण रिकामी करा. प्लास्टिकच्या टाकीतला थर व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन अर्धा तास भिजवला की सुटतो. पत्र्याच्या टाकीत आम्ल घालू नका, जस्ताचा मुलामा निघून गंज चढतो. व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका, विषारी वायू तयार होतो.

आठवड्यातून एकदा टाकी कोरडी करून कडा घासाच. डेंग्यूचा डास अंडी पाण्याच्या रेषेजवळ चिकटवतो आणि ती कोरड्यात काही महिने तग धरतात. नुसते पाणी ओतून दिले तर अंडी तिथेच राहतात.

वीज

पाणी भरण्याआधी प्लग काढा. बटण बंद करणे पुरेसे नाही. तीन पिनांचा प्लग आणि चालू स्थितीतले अर्थिंग हवेच; पत्र्याच्या कूलरला तर त्याशिवाय हात लावू नये. त्या सर्किटवर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) असावा आणि त्याचे टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. कूलरला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर तो लगेच बंद करा आणि तपासल्याशिवाय पुन्हा लावू नका. पंप पाण्याविना चालला की जळतो, म्हणून पातळी खुणेखाली जाऊ देऊ नका.

पंखा हळू फिरत असेल तर प्लग काढून पाते हाताने फिरवा. मोकळे फिरून बराच वेळ फिरत राहिले तर बहुधा कपॅसिटर उतरला आहे. लगेच थांबले तर बेअरिंग किंवा बुश अडकले आहे. कपॅसिटर स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही त्यात चार्ज राहू शकतो.

कूलरखेरीज

पश्चिमेच्या काचेवर ऊन पडू देऊ नका. आतल्या पडद्यापेक्षा बाहेरची चटई किंवा शेडनेट जास्त उपयोगी, कारण काच ओलांडून आलेली उष्णता आतच राहते. बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की सगळ्या खिडक्या उघडा, सकाळी ऊन तापायच्या आत लावा. कूलरची खिडकी आणि हवेची वाट तेवढी सोडा. छताचा पंखा हवा थंड करत नाही, अंगावरचा घाम सुकवतो, म्हणून रिकाम्या खोलीत तो बंद ठेवा. खोलीचे तापमान ४० अंशांवर गेले तर पंख्याची हवा अंग आणखी तापवते. तेव्हा ओले कापड अंगावर घ्या किंवा गार जागी जा. कोणी असंबद्ध बोलू लागले किंवा शुद्ध हरपली तर अंगावर पाणी मारत लगेच वैद्यकीय मदत बोलवा.

दुरुस्तीसाठी फोन करताना एवढे सांगा: मॉडेल, पॅडचा प्रकार, दहा मिनिटांत पॅड पूर्ण ओला होतो का, दिवसाला किती लिटर पाणी लागते आणि खिडकी किती उघडी असते. यावरून कारागीर योग्य सुटे भाग घेऊनच येतो.