मद्यमुक्ती मीटिंग (ग्रामीण विदर्भ)

दारू सोडलेली आणि सोडू पाहणारी माणसे ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी एकत्र बसून आपापली हकिकत सांगतात, त्या बसण्याला मद्यमुक्ती मीटिंग म्हणतात. विदर्भातल्या खेड्यांतही शब्द मीटिंग हाच. ‘सभा’ म्हटले की ग्रामसभा आठवते आणि ‘बैठक’ म्हटले की सोयरीक.

पद्धत मूळची अमेरिकेतली. १९३५ साली ओहायोतल्या ॲक्रन शहरात बिल विल्सन हा शेअर बाजारातला माणूस आणि बॉब स्मिथ हा शल्यविशारद, दोघेही पट्टीचे पिणारे, एकमेकांशी बोलता बोलता दारूपासून दूर राहू लागले. त्यातून अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे ए.ए., ही संघटना उभी राहिली. त्याच साली तुकडोजी महाराजांनी अमरावती जिल्ह्यातल्या मोझरीला गुरुकुंज आश्रम काढला, हा निव्वळ योगायोग. पण सामुदायिक प्रार्थनेला रांगेत मांडी घालून बसलेल्या गावांना मीटिंगची मांडणी फारशी परकी वाटत नसावी.

मीटिंग तास-दीड तासाची असते. जागा कुठलीही चालते, शाळेची खोली, चर्चचे आवार, समाजमंदिर. एक जण सूत्रे सांभाळतो. तो जुना सभासद असतो, साहेब नसतो. बोलणारा नाव सांगून ‘मी मद्यपाशी आहे’ (म्हणजे दारूच्या पाशात सापडलेला) अशी सुरुवात करतो आणि मग स्वतःपुरतेच बोलतो: कधी प्यायला लागलो, काय गमावले, आज कसे चालले आहे. मध्येच कोणी तोडत नाही, उपदेश करत नाही. गावच्या पंचायतीत वाढलेल्या माणसाला हे गप्प बसणेच सर्वांत जड जाते. नवख्याने नुसते ऐकले तरी चालते. फी नसते. शेवटी डबा फिरतो, ज्याला जमेल तो दहा-वीस रुपये टाकतो, आणि चहा-भाडे त्यातूनच निघते, कारण बाहेरची देणगी घ्यायची नाही हा संघटनेचा दंडक आहे. सभासद होण्याची अट एकच, पिणे थांबवण्याची इच्छा. ‘जन्मभर पिणार नाही’ अशी शपथ कोणी घ्यायला लावत नाही. आजचा दिवस प्यायचे नाही, एवढाच हिशेब. देवापुढे माळ घालून शपथ घेतलेला आणि पोळ्याला ती मोडलेला माणूस या हिशेबाने थोडा सैलावतो.

ओपन मीटिंगला घरचे किंवा कुतूहल असलेले कोणीही येऊ शकते. क्लोज्ड मीटिंग फक्त पिण्याचा प्रश्न असलेल्यांची.

मीटिंग शोधणे हे खरे काम. गट नागपूर-अमरावतीसारख्या शहरांत सापडतात; खेड्यातून तिथे जायचे तर एसटीचे वेळापत्रक आडवे येते, कारण मीटिंग संध्याकाळची आणि शेवटची गाडी त्याआधीची. म्हणून फोनवरून होणाऱ्या ऑनलाइन मीटिंगा कामी येतात, रेंज असेल तर. विचारपूस जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात करावी, किंवा १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर. गडचिरोलीत २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ हा शासन, ‘सर्च’ ही आरोग्यसंस्था आणि टाटा ट्रस्ट यांचा संयुक्त उपक्रम चालतो. तो ए.ए.चा भाग नाही, पण तालुक्याला उपचाराची सोय आणि गावात शिबिरे भरवतो. वर्धा आणि गडचिरोली हे दारूबंदीचे जिल्हे. गडचिरोलीत बंदी १९९३ पासून आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये लागू झाली आणि २०२१ मध्ये उठली. बंदीने दुकान जाते. हातभट्टीच्या दारूसाठी मोहाचा सडवा (आंबवण) जंगलात लागतोच. त्यामुळे मीटिंगची गरज बंदी असलेल्या जिल्ह्यातही तेवढीच राहते.

अनामिकतेचा नियम इथे वेगळाच अर्थ घेतो. मीटिंगमध्ये कोण आले, काय बोलले, ते बाहेर सांगायचे नाही. शहरात हा नियम माणसाचे पिणे झाकतो. खेड्यात पिणे झाकायला उरलेलेच नसते. कोण कुठल्या धुऱ्यावर पडला होता हे पानठेल्यावर सकाळीच कळते. लपवायचे असते ते सोडायला जाणे. ‘हा काय सोडते!’ ही एक हसणी पुरेशी असते. त्यामुळे माणूस आपल्या गावाजवळचा गट टाळून पुढच्या तालुक्याचा गट धरतो, बाजाराच्या दिवशी जातो आणि घरी बियाणे बघायला गेलो होतो म्हणतो.

मीटिंग म्हणजे औषधोपचार नव्हे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी बंद केली तर हातपाय थरथरणे, झटके येणे, दोन-तीन दिवसांत भ्रम होणे असे प्रकार घडतात आणि ते जिवावर बेतू शकतात. आधी डॉक्टर, मग मीटिंग. भिंतींवर रंगवलेल्या ‘न सांगता दारू सोडवा’ छाप पुड्यांपासून तर लांबच राहावे. दारूची घृणा आणणारे डायसल्फिराम हे औषध रुग्णाच्या संमतीने आणि देखरेखीखालीच द्यायचे असते. ते नकळत भाजीत कालवले आणि वरून माणूस प्यायला, तर रक्तदाब कोसळतो.

घरच्यांसाठी अल-अनॉन हे वेगळे गट १९५१ पासून आहेत. पुण्याचे मुक्तांगण (स्थापना १९८६) व्यसनी माणसांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ गट चालवते. गावात मात्र चौकशीला पहिली येते ती बहुधा बायकोच, तीही आशाताईकडे, लेकराच्या डोसाचे निमित्त काढून. तिचा पहिला प्रश्न ‘ते येतील का?’ असा असतो. ती स्वतः आधी जाऊ शकते, नवरा आला नाही तरी, हे तिला कोणी सांगितलेले नसते.