ग्राफिक्स कार्ड बदलल्यावर संगणक बंद पडतो? नुसते कार्ड काढून आणण्यापूर्वी हे वाचावे

नवे ग्राफिक्स कार्ड बसवले, मशीन सुरू झाले, डेस्कटॉप दिसला, यूट्यूबही व्यवस्थित चालले. पण गेम लावून थोडा वेळ गेला किंवा ब्लेंडर या थ्रीडी चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये रेंडर टाकला, की मशीन एकाएकी बंद पडते. ही तक्रार अकोल्यातील आमच्या दुकानात वर्षभर येत असते आणि ती घेऊन येणारे बहुतेक ग्राहक कार्ड तेवढे काढून, पिशवीत घालून आणतात. खामगाव, मूर्तिजापूर किंवा वाशीमहून एसटीने अकोल्याला येणाऱ्याला अख्खे कॅबिनेट घेऊन प्रवास करणे जड जाते, याची आम्हाला कल्पना आहे. तरीही नुसते कार्ड आणल्याने आपली फेरी वाया जाते आणि आमचा तपासणीचा वेळही, कारण ते कार्ड आमच्या मशीनवर बहुधा काहीही कुरकुर न करता चालते. ते घरी का चालत नाही, याचे उत्तर घरी राहिलेल्या कॅबिनेटमध्ये असते, आणि त्यातही बहुतेक वेळा एसएमपीएसमध्ये, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यात.

एसएमपीएसच्या लेबलवर काय वाचावे

मदरबोर्डवरील स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट वीज मिळते. जीटीएक्स १०५० टीआय किंवा जीटीएक्स १६५० यांसारख्या कार्डांचे तेवढ्यात भागते, त्यामुळे त्यांच्या अनेक मॉडेलना वेगळी पॉवर केबल लागत नाही आणि कॅबिनेटसोबत आलेल्या साध्या एसएमपीएसवरही ती वर्षानुवर्षे चालतात. त्याच मशीनमध्ये आरटीएक्स ३०६० बसवले, की एकट्या कार्डाची मागणी १७० वॅटवर जाते आणि आरटीएक्स ३०७० असेल तर २२० वॅटवर.

"माझा एसएमपीएस ४५० वॅटचा आहे," असे ग्राहक सांगतात, आणि डब्यावर मोठ्या अक्षरांत तसे छापलेलेही असते. मात्र त्याच डब्याच्या बाजूला बारीक अक्षरांचा एक तक्ता असतो, त्यात १२ व्होल्टच्या रकान्याखाली अँपिअरचा आकडा दिलेला असतो, आणि खरी क्षमता तिथे कळते. स्वस्त एसएमपीएसवर तिथे १८ अँपिअर लिहिलेले असेल, तर १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॅट, एवढीच वीज तो त्या ओळीवर देऊ शकतो. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही मुख्यतः याच ओळीवर चालतात. आय५-१२४००एफ हा प्रोसेसर भर वेगात ११७ वॅटपर्यंत घेतो. त्यात कार्डाचे १७० मिळवले, की २८७ होतात. नुसते ब्राउझर उघडे असताना ही मागणी फार खाली असते, म्हणून मशीन निर्धोक वाटते आणि कामाला लागले, की बंद पडते.

याशिवाय ग्राफिक्स कार्डाची मागणी एकसारखी राहत नाही. गेममधील दृश्य बदलताना ती काही मिलिसेकंदांपुरती छापील आकड्याच्या बरीच वर उसळते, आणि ही उसळी न पेलल्यास एसएमपीएसमधील संरक्षण वीज तोडते. २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० या मानकात एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंदांपुरता दुप्पट भार सोसावा, अशी अट घातली गेली ती यासाठीच. फरमार्कसारखा एकसारखा भार टाकणारा प्रोग्रॅम अर्धा तास चालला म्हणजे एसएमपीएस ठीक आहे, असा निष्कर्ष त्यामुळे काढू नये. आम्ही तपासताना नेहमी प्रत्यक्ष गेमही चालवून पाहतो.

आरटीएक्स ३०६० साठी ५५० वॅटचा आणि ३०७० साठी ६५० वॅटचा एसएमपीएस असावा, ही शिफारस या कार्डांची चिप बनवणाऱ्या खुद्द एनव्हिडियाची आहे. आम्ही कार्डासोबत एसएमपीएसचा विषय काढतो, तेव्हा दुकानदार आणखी एक वस्तू गळ्यात मारत आहे, असे काही ग्राहकांना वाटते. आपला सध्याचा एसएमपीएस पुरेसा असेल, तर आम्ही तसे स्पष्ट सांगतो आणि नुसते कार्ड देतो. पुरेसा नसेल, तर मात्र कार्ड विकून पुढच्या आठवड्यात त्याची तक्रार ऐकण्यापेक्षा ती विक्री न झालेली आम्हाला चालते. ८० प्लस ब्राँझ किंवा गोल्ड हे शिक्के वीज किती वाया जाते एवढेच सांगतात. १२ व्होल्टची क्षमता आणि संरक्षणाची सोय वेगळी पाहावी लागते.

केबल आणि यूपीएस

८ पिनचे दोन जोड असलेल्या कार्डाला एकाच केबलच्या दोन टोकांवरून वीज देऊ नये. एसएमपीएसपासून दोन स्वतंत्र केबल घ्याव्यात. एवढ्या एका बदलाने बंद पडणे थांबल्याची उदाहरणे आमच्याकडे आहेत.

मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या काढता येणारा, एसएमपीएस बदलताना जुन्या केबल तशाच ठेवून नव्या एसएमपीएसला जोडणे ही मात्र धोक्याची गोष्ट आहे. कार्डाच्या आणि हार्ड डिस्कच्या बाजूचे टोक सर्वत्र सारखे असते, पण एसएमपीएसच्या बाजूच्या टोकातील तारांचा क्रम प्रत्येक कंपनीचा, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलचाही, वेगळा असतो. टोक घट्ट बसते, बटण दाबले जाते आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन हार्ड डिस्क जळते. ती डिस्क वॉरंटीत बसत नाही आणि तिच्यातील फोटो परत मिळतीलच, असे कोणीही सांगू शकत नाही. म्हणून एसएमपीएस बदलला, की त्याच्या सगळ्या केबलही बदलाव्यात.

आपल्या भागात घरोघरी ६०० व्हीएचे यूपीएस आहेत. त्यांची प्रत्यक्ष क्षमता साधारण ३६० वॅट असते आणि मॉनिटरही बहुधा त्यावरच असतो. नवे कार्ड आल्यावर वीज गेली, की यूपीएस "पीं" असा आवाज करून मशीनसकट बंद पडतो आणि दोष कार्डाच्या माथी येतो. वीज जाण्याच्या क्षणीच मशीन बंद पडत असेल, तर तपासणी यूपीएसपासून सुरू करावी.

फॉरमॅट मारण्यापूर्वी

बंद पडण्याची तऱ्हा नीट पाहिली, तर निम्मे निदान घरीच होते. निळा स्क्रीन न येता मशीन ताडकन बंद झाले किंवा आपोआप पुन्हा सुरू झाले, तर संशय आधी विजेवर घ्यावा. स्क्रीन काळा होऊन परत आला आणि फक्त गेम बाहेर फेकला गेला, तर बऱ्याचदा ड्रायव्हरचा, म्हणजे विंडोजमधून कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा, गोंधळ असतो. पंख्यांचा आवाज चढत जाऊन वीस-पंचवीस मिनिटांनी त्रास सुरू होत असेल, तर तापमान पाहावे. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४४-४५ अंशांवर असताना, भिंतीला चिकटवलेल्या आणि धुळीने भरलेल्या कॅबिनेटमध्ये कार्डाला थंड हवा मिळणे कठीण असते.

यातील बऱ्याच गोष्टींची नोंद विंडोजमधील इव्हेंट व्ह्यूअरमध्ये दिसते. त्यातील विंडोज लॉग्जच्या सिस्टिम या भागात "कर्नल-पॉवर ४१" ही नोंद असेल, तर मशीन रीतसर बंद न होता बंद पडले, एवढे कळते. कारण कळत नाही, पण वेळ नेमकी कळते. ४१०१ क्रमांकाची नोंद असेल, तर डिस्प्ले ड्रायव्हर प्रतिसाद देईनासा झाला होता आणि विंडोजने तो पुन्हा उभा केला, असा अर्थ होतो. ग्राहक आमच्याकडे येण्याआधी मशीन फॉरमॅट करून आणतात, तेव्हा या सगळ्या नोंदी पुसल्या जातात आणि जे दहा मिनिटांत दिसले असते, ते शोधण्यासाठी मशीन दोन दिवस ठेवून घ्यावे लागते. एसएमपीएस कमी पडत असेल, तर फॉरमॅटने तसाही काहीच फरक पडत नाही.

ड्रायव्हरचा संशय असल्यास, विशेषतः रेडिऑनवरून (एएमडी) जीफोर्सवर (एनव्हिडिया) किंवा उलट गेला असाल, तर इंटरनेट बंद करून, सेफ मोडमध्ये जाऊन डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर या मोफत प्रोग्रॅमने जुना ड्रायव्हर काढावा आणि आधीच उतरवून ठेवलेला नवा ड्रायव्हर टाकावा. इंटरनेट चालू राहिले, तर मध्येच विंडोज स्वतःहून एखादा ड्रायव्हर टाकून मोकळे होते.

जुने, वापरलेले कार्ड घेतले असल्यास तसे आम्हाला सांगावे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचे मायनिंग (ग्राफिक्स कार्डे अहोरात्र चालवून चलन कमावणे) बंद झाल्यावर अशी पुष्कळ कार्डे बाजारात आली. त्यांतील काहींचे, विशेषतः आरएक्स ५७० आणि ५८० या कार्डांचे, बायॉस (कार्डातील मूळ प्रोग्रॅम) मायनिंगसाठी बदललेले असते आणि थर्मल पॅड (उष्णता वाहून नेणाऱ्या मऊ पट्ट्या) सुकलेले असतात. बायॉस पूर्ववत करणे आणि पॅड बदलणे, ही दोन्ही कामे आमच्याकडे होतात.

आमची तपासणीची पद्धत

कार्ड आपल्याच मशीनमध्ये, आपल्याच एसएमपीएस आणि केबलवर, त्रास होतो तोच गेम किंवा तेच काम लावून आम्ही आधी चालवतो. नंतर बाकी काहीही न बदलता आमचा एसएमपीएस जोडतो आणि तेच काम पुन्हा लावतो. एका वेळी एकच गोष्ट बदलल्याशिवाय कारण हाती लागत नाही, म्हणून मशीन एक रात्र ठेवून घ्यावे लागते आणि म्हणूनच आम्ही तपासणीचे शुल्क घेतो. एसएमपीएस किंवा अन्य भाग आमच्याकडून घेतल्यास ते शुल्क बिलातून वजा होते. बाहेरून घेतल्यास दोष काय आहे ते कागदावर लिहून देतो, ते दाखवून आपण कुठूनही भाग घेऊ शकता. कार्ड सदोष निघाले, तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला पाठवण्याचे काम आम्ही करतो, मात्र स्क्रूवरील वॉरंटीचे स्टिकर अखंड असावे.

अजून कार्ड घेतले नसेल, तर एवढी धावपळ टाळता येते. एसएमपीएसच्या लेबलचा तक्ता वाचता येईल असा फोटो, प्रोसेसरचे नाव आणि यूपीएसचे व्हीए व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावे. कोणते कार्ड चालेल ते आम्ही विनाशुल्क कळवतो. कॅबिनेटमध्ये स्लॉटच्या पट्टीपासून समोरच्या पंख्यापर्यंत किती मिलिमीटर जागा मोकळी आहे, तेही मोजून लिहावे, कारण तीन पंख्यांची अनेक कार्डे ३०० मिलिमीटरहून लांब असतात आणि ती छोट्या कॅबिनेटमध्ये बसत नाहीत.