विदर्भाच्या खेड्यात जगाची पुस्तकं कशी पोचली

वऱ्हाडचा जगाशी जुना व्यवहार कापसाचा. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकी यादवीत विलायतेच्या गिरण्यांना कापूस कमी पडला आणि इथल्या मालाला एकदम भाव आला. त्या वाटेनं पुस्तकं काही आली नाहीत. ती नंतर आली, आणि दर वेळी कुणीतरी आपल्या कामासाठी आणली म्हणून आली.

१९३६ मध्ये गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला आले. टॉलस्टॉय, रस्किन, थोरो या गांधीजींना भावलेल्या लेखकांची नावं खादी-सर्वोदयाच्या कार्यकर्त्यांच्या तोंडून गावोगाव गेली. कादंबरीकार टॉलस्टॉय मात्र मागेच राहिला. आधी भेटला तो उपदेश करणारा. शिवाय १९५६ पर्यंत विदर्भाचा कारभार मध्य प्रांत-मध्य प्रदेशात, त्यामुळे हिंदी वाचायची सवय होतीच. परदेशी कादंबरी मराठीत नसली तर हिंदीत चालून जायची.

मग आली मॉस्कोत मराठीतच छापलेली पुस्तकं: पक्की बांधणी, रंगीत चित्रं, किंमत मातीमोल. प्रचार होताच, नाही कशाला म्हणा! पण त्याच गठ्ठ्यात चेखव होता, पोरांसाठी गोष्टी होत्या. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडला आणि हा झरा आटला.

१९६७ च्या ग्रंथालय कायद्यानं गावच्या वाचनालयांना अनुदान मिळू लागलं. अ, ब, क, ड असे वर्ग पडले. ‘ड’ म्हणजे सगळ्यात लहान वर्ग, त्याची खरेदी ती केवढी? तरी दाखल क्रमांक आणि शिक्का मारून आलमारीत अनुवाद बसू लागले. आणणाऱ्याचा हेतू काहीही असो, वाचणाऱ्यानं आपल्या वावराशी जुळेल तेच उचललं, असं मला वाटतं. जी. ए. कुलकर्णींनी मराठीत आणलेल्या कॉनरॅड रिक्टरच्या कादंबऱ्यांत जंगल तोडून शेत करणारी अमेरिकी माणसं आहेत. वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ (१९८१) अनुवाद नव्हे, अमेरिकी शेतीशास्त्रज्ञ कार्व्हरचं चरित्र; पण कापसानं कस गेलेल्या जमिनीत भुईमूग पेरा म्हणणारा माणूस पऱ्हाटीच्या मुलखात परका कसा वाटेल?

उणीव आहे ती आफ्रिकेची. इजिप्त, माली, बुर्किना फासो हे सगळे कापूस पिकवणारे देश. त्यांतल्या इजिप्तच्या नगीब महफूझला १९८८ मध्ये नोबेल मिळालं. बाकीच्या दोन देशांतला एखादा लेखक सांगा म्हटलं, तर आपल्याकडचा भला वाचकही गप्प बसतो.