‘फर्ग्युसनलाही सुरुवातीला काही जमलं नव्हतं’, खरंच?

मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबचा नवा मॅनेजर चार मॅच हरला की हे वाक्य हमखास येतं. अर्धंच खरं आहे ते.

पुढे क्लबचे सर्वांत यशस्वी मॅनेजर ठरलेले अ‍ॅलेक्स फर्ग्युसन नोव्हेंबर १९८६ मध्ये आले तेव्हा २२ संघांच्या लीगमध्ये युनायटेड एकविसावी होती. मोसम संपला अकराव्या जागेवर आणि पुढच्याच मोसमात ती थेट दुसरी आली! मग मात्र घसरण: पुन्हा अकरावी, नंतर तेरावी. डिसेंबर १९८९ मध्ये एका वैतागलेल्या चाहत्याने ‘तीन वर्षं नुसत्या सबबी’ अशा अर्थाचा मजकूर चादरीवर रंगवून ती क्लबच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर फडकवली.

दुसरी दंतकथा अशी की जानेवारी १९९० मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध युनायटेडच्या मार्क रॉबिन्सच्या गोलने फर्ग्युसन यांची नोकरी वाचली. पण हरलो असतो तरी त्यांना काढलं नसतं, असं क्लबचे तेव्हाचे अध्यक्ष मार्टिन एडवर्ड्स यांनी पुढे सांगितलं. पडद्यामागे युवा संघाची बांधणी चालू होती. पुढे स्टार ठरलेल्या रायन गिग्जला तर त्याच्या चौदाव्या वाढदिवशीच क्लबशी जोडून घेतलं होतं. १९९० मध्येच एफए कप ही बाद पद्धतीची स्पर्धा जिंकली, लीगचं विजेतेपद १९९३ मध्ये.

म्हणून नव्या माणसाकडून वर्षभरात लीग मागू नका. पण काय उभं राहतंय, एवढं विचारायला काय हरकत आहे?